कंबरदुखीचं खरं कारण कळायला सात वर्षं का लागतात, आणि तोवर मणक्याचं काय होतं

कंबर दुखायला लागल्यापासून ते "हा मणक्याचा दाहक संधिवात आहे" असं कोणीतरी स्पष्ट सांगेपर्यंत सरासरी सहा-सात वर्षं जातात. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये जो आकडा काढला तो ६.७ वर्षांचा होता, युरोपातल्या १३ देशांमधल्या पेशंटना विचारून केलेल्या एका मोठ्या सर्व्हेत ७.४ वर्षं निघाला, आणि त्यातही पुरुषांना ६.१ तर बायकांना ८.२. आणि ही सरासरी आहे, म्हणजे कोणाला वर्षभरात कळतं आणि कोणाला पंधरा-वीस वर्षं कळत नाही. आजार बहुतेकांना विशीत-पंचविशीत सुरू होतो, त्यामुळे ही जी वर्षं जातात ती नेमकी शिक्षण संपवायची, नोकरीला लागायची, संसार मांडायची असतात.

कंबरदुखीबद्दल वाचायला भरपूर मिळतं, पण ते बहुतेक सगळं गादी सरकणं, बसायची पद्धत, वाढलेलं वजन याभोवती फिरतं. शंभरातल्या पंच्याण्णव लोकांना ते लागूही पडतं. पण तीन महिन्यांपेक्षा जास्त कंबर दुखतेय अशा शंभर जणांमधल्या साधारण पाच जणांचं दुखणं मुळातच वेगळं असतं, आणि त्या पाच जणांना सगळीकडे उरलेल्या पंच्याण्णव जणांचाच सल्ला मिळत राहतो. हा लेख त्या पाच जणांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

आधी आजार काय आहे ते बघू. मणका जिथे खाली संपतो तिथे माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना मणका आणि ओटीपोटाभोवतीचं कमरेचं हाड (पेल्विस) जोडणारे दोन सांधे असतात, त्यांना सॅक्रोइलिॲक किंवा थोडक्यात एसआय जॉइंट म्हणतात. अंगाचं वरचं सगळं वजन त्यांच्यातूनच पायांकडे जातं. या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती बिघडते आणि बहुतेक वेळा सुरुवात या सांध्यांपासून होते, तिथे सूज येते, मग ती वर मणक्यांकडे सरकते. सूज म्हणजे बाहेरून दिसणारी, हात लावला की लागणारी नाही, हाडाच्या आत, मगजात आलेली. आणि जिथे स्नायूबंध किंवा कंडरा हाडाला चिकटते त्या जागा या आजाराला विशेष आवडतात, म्हणून काही जणांना कंबरेच्या आधी टाच दुखायला लागते आणि ते दोन वर्षं चपला-बूट बदलत बसतात. या सगळ्या गटाला आता ॲक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात, आणि एक्स-रेमध्ये सांध्यांचं नुकसान दिसायला लागलं की त्याच आजाराला ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस, लोकांच्या बोलण्यात एएस. पुढे मी सगळ्याच गटाला एएस म्हणते, वाचायला सोपं जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे दुखणं ओळखायचं कसं. नेहमीची कंबरदुखी कामाने वाढते आणि पडून राहिलं की बरी वाटते. एएसची कंबरदुखी बरोबर उलटी चालते, आराम केला की वाढते आणि हालचाल केली की कमी होते. हा एवढा एक फरक लक्षात राहिला तरी पुष्कळ झालं. माणूस रात्री नीट झोपतो, आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला जाग येते, कंबर अशी धरलेली असते की कूस बदलायची तर आधी पलंगाची कड पकडावी लागते, मग एक पाय, मग दुसरा, असं करत करत वळायचं, आणि शेवटी झोप येत नाही म्हणून उठून घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या, वीस मिनिटं चालल्यावर जरा मोकळं वाटलं की परत पडायचं. सकाळी उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास, कधी दोन तास अंग लाकडासारखं, मोजे घालता येत नाहीत, बेसिनवर वाकता येत नाही, गरम पाण्याने अंघोळ झाली की हळूहळू सुटतं. आणि दुपारी हाच माणूस व्यवस्थित चालतोय, जिने चढतोय, हसतोय. घरच्यांना आणि ऑफिसातल्यांना दिसतो तो दुपारचा माणूस. पहाटेचा कोणालाच दिसत नाही, डॉक्टरांना तर नाहीच, कारण अपॉइंटमेंट सकाळी अकराची असते.

अजून काही खुणा आहेत. दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालेलं असतं, एखाद्या दिवशी वजन उचललं आणि चमक भरली असं नसतं, कधी सुरू झालं ते सांगताच येत नाही इतकं हळू आलेलं असतं. कुल्ल्यात खोलवर दुखतं, या आठवड्यात डावीकडे तर पुढच्या आठवड्यात उजवीकडे. ही बाजू बदलणारी दुखी फार बोलकी खूण आहे पण लोक ती सांगत नाहीत, कुल्ला दुखतो असं सांगायला लाज वाटते म्हणून "कंबर दुखते" एवढंच सांगून मोकळे होतात.

मग इतक्या ठळक खुणा असताना वर्षं जातात कुठे? माझं प्रामाणिक मत आहे की यात कोणी एक व्यक्ती फार मोठी चूक करते असं सहसा नसतं. प्रत्येक पायरीवर जे घडतं ते त्या त्या वेळी बरोबरच वाटत असतं, आणि अशा बरोबर वाटणाऱ्या सात-आठ पायऱ्या एकापुढे एक आल्या की सात वर्षं होतात.

पहिली पायरी पेनकिलरची. सूज कमी करणाऱ्या पेनकिलर, म्हणजे आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक वगैरे, एएसमध्ये फार छान काम करतात, बऱ्याच जणांना एक-दोन दिवसांतच जाणवण्याइतका फरक पडतो. म्हणजे गोळी घेतली, बरं वाटलं, विषय संपला. गोळी थांबवली की काही दिवसांत दुखणं परत हजर. खरंतर हा असा पटकन येणारा गुण आणि थांबवल्यावर पटकन परतणारं दुखणं ही स्वतःच एक निदानाची खूण आहे, तज्ज्ञांच्या निकषांमध्ये तिचा समावेश आहे, पण पेशंटला वाटतं की गोळीने बरं वाटतंय म्हणजे काही गंभीर नसणार. त्यात हा आजार येतो-जातो, कधी दोन महिने काहीच नसतं, त्या दोन महिन्यांत कोण डॉक्टरकडे जाणार.

दुसरी पायरी एक्स-रेची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वर्षं इथे जातात. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, हाडातली सूज दिसत नाही. भिंतीत ओल आधी आत मुरते आणि रंगाचे पोपडे बऱ्याच उशिरा सुटायला लागतात, तसं इथे आहे, एक्स-रे फक्त पोपडे दाखवतो. सूज सुरू झाल्यापासून सांध्यांमध्ये एक्स-रेवर कळण्याइतका बदल व्हायला कित्येक वर्षं लागू शकतात आणि काही जणांच्या एक्स-रेमध्ये तो कधीच दिसत नाही. तरी १९८४ साली ठरलेल्या निकषांमध्ये एक्स-रेवर एसआय सांधे बिघडलेले दिसल्याशिवाय पेशंटला एएस म्हणता येत नव्हतं, म्हणजे नुकसान झाल्यावरच नाव मिळायचं. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने नवे निकष आणले, त्यात एमआरआयमध्ये दिसणारी सूज धरली गेली, तेव्हा कुठे एक्स-रे नॉर्मल असलेल्या लोकांनाही दार उघडलं. तरीपण "एक्स-रे नॉर्मल आहे, काळजीचं कारण नाही" हे वाक्य अजून रोज बोललं जातं. पंचवीस वर्षांच्या माणसाची कंबर पहाटे धरत असेल तर नॉर्मल एक्स-रेवरून एवढंच कळतं की अजून हाड बिघडलेलं नाही, आजार नाही असं त्यावरून कळत नाही.

बरं, मग एमआरआय केला तर? तर कंबरेचा एमआरआय केला जातो. आता नेहमीच्या कंबरेच्या एमआरआयमध्ये मणके आणि गाद्या बघायच्या असतात, एसआय सांधे त्यात नीट येतच नाहीत, त्यासाठी वेगळा, त्या सांध्यांचाच एमआरआय सांगावा लागतो आणि त्यात स्टर नावाचा एक प्रकार असतो ज्यात हाडातलं पाणी पांढरं चमकतं. ते न करता कंबरेचा केला की रिपोर्टमध्ये हमखास काहीतरी सापडतं, एखादी गादी थोडी फुगलेली. आणि मग सगळं दुखणं त्या गादीच्या नावावर जमा होतं. पण काहीही न दुखणाऱ्या, धडधाकट विशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी साधारण ३० टक्के जणांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात, हे २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलंय. म्हणजे ती गादी तिथे होतीच, ती फक्त हाताशी सापडली. एकदा का फाइलवर "स्लिप डिस्क" लिहिलं गेलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर ती फाइल उघडून तेच वाचतो, आणि "नस दबलीय", "मणक्यात गॅप आहे" हे घरात सगळ्यांच्या तोंडी बसतं, मग ते पुसायला वर्षं लागतात.

रक्ताच्या तपासण्यांचंही असंच. संधिवात म्हटलं की आरए फॅक्टर केला जातो, तो एएसमध्ये सहसा निगेटिव्हच येतो, कारण तो वेगळ्याच संधिवाताचा आहे. त्यावरून "तुम्हाला संधिवात नाही" असं सांगितलं जातं आणि पेशंट सुटकेचा श्वास टाकतो. सीआरपी आणि ईएसआर या सूज दाखवणाऱ्या तपासण्या, पण एएसच्या बऱ्याच पेशंटमध्ये त्या अगदी नॉर्मल असतात. राहिली एचएलए-बी२७. या जनुकाचा आणि एएसचा संबंध १९७३ मध्ये सापडला आणि तो खरोखर घट्ट आहे, युरोपीय वंशाच्या एएस पेशंटपैकी ८० ते ९० टक्के जणांत हे जनुक सापडतं. पण उलट बाजूने बघितलं तर त्याच समाजातल्या साधारण ८ टक्के निरोगी माणसांतही ते असतं आणि हे जनुक असलेल्या शंभरातल्या जेमतेम पाचेक जणांनाच कधी आजार होतो. त्यामुळे पॉझिटिव्ह आली म्हणून हातपाय गाळू नका आणि निगेटिव्ह आली म्हणून फाइल बंद करू नका, ही तपासणी बाकी गोष्टींच्या जोडीने वाचायची असते.

अजून एक गोष्ट जी लोकांच्या लक्षातच येत नाही. हा आजार फक्त मणक्यात राहत नाही. साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून थोड्या जास्त पेशंटना कधी ना कधी डोळ्याच्या आत सूज येते, युव्हायटिस म्हणतात, एक डोळा लालभडक होतो, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं. घरात म्हणतात "डोळे आलेत" आणि दोन दिवस थेंब घालून वाट बघतात, जे धोक्याचं आहे कारण याला त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरने बघायला हवं, उशीर झाला तर नजरेवर परिणाम होऊ शकतो. काहींना सोरायसिस असतो, काहींना आतड्यांची सूज. आता बघा, डोळा डोळ्यांच्या डॉक्टरकडे, त्वचा त्वचेच्या डॉक्टरकडे, पोट पोटाच्या डॉक्टरकडे आणि कंबर हाडांच्या डॉक्टरकडे, प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं तरी चारही गोष्टी एका माणसाच्या आहेत हे कोणाच्याच टेबलावर दिसत नाही. डब्लिनमध्ये एका अभ्यासात काहीही कारण सापडत नसलेल्या युव्हायटिसच्या पेशंटना पद्धतशीर तपासलं तर साधारण ४० टक्के जणांना या गटातला, तोवर न ओळखलेला संधिवात निघाला. म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यात "तुमची कंबर दुखते का हो?" हा एक प्रश्न विचारला गेला तर कितीतरी लोकांची वर्षं वाचतील.

आणि बायकांचं वेगळंच. पूर्वी पुस्तकांत लिहिलेलं असायचं की हा पुरुषांचा आजार आहे, एका बाईमागे दहा पुरुष वगैरे. आता कळलंय की एक्स-रेवर दिसणाऱ्या आजारात ते प्रमाण दोन-तीन पुरुषांमागे एक बाई असं आहे आणि एक्स-रेवर न दिसणाऱ्या प्रकारात तर जवळपास निम्मं-निम्मं. बायकांमध्ये मणक्याची हाडं एकमेकांना जुळायचा वेग (हे जुळणं काय ते पुढे येतंच) साधारणपणे कमी असतो म्हणून एक्स-रे जास्त काळ नॉर्मल राहतो, आणि दुखणं मान, खांदे, छाती असं जास्त पसरलेलं असतं, त्यामुळे फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा एक आजार), टेन्शन, अशक्तपणा, बाळंतपणानंतरची कंबर अशी नावं पडत जातात. दुखणं कमी असतं असं अजिबात नाही. ८.२ वर्षांचा आकडा इथून येतो.

आता या वर्षांत आत काय चालू असतं. सूज नुसती दुखवून थांबत नाही. ती आधी हाडाचा कोपरा कुरतडते, मग शरीर ती जखम भरायला जातं, त्या जागी मगजात चरबीसारखा बदल होतो, आणि पुढे तिथून नवीन हाड उगवायला लागतं, जिथे ते असायला नको तिथे, दोन मणक्यांच्या कडांमधून एकमेकांकडे येणारे पूल तयार होतात. ते पूल पूर्ण जुळले की तो भाग कायमचा स्थिर झाला. सगळा मणका असा जुळला तर एक्स-रेवर बांबूसारखा दिसतो आणि डॉक्टर त्याला बांबू स्पाइनच म्हणतात. सगळ्यांचं हे होत नाही, हे नीट वाचा, बऱ्याच जणांचा आजार एवढा पुढे कधीच जात नाही. पण ज्यांचा जातो त्यांच्यात एक गोष्ट पक्की आहे, सूज औषधाने जाते, उगवलेलं हाड औषधाने जात नाही. उशिराची खरी किंमत इथे आहे. लवकर पकडलेला आजार म्हणजे ओली सूज, तिच्यावर औषध चालतं, उशिरा पकडलेला म्हणजे सूज अधिक हाड, आणि त्यातल्या हाडावर औषधाचा काही इलाज नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की टीएनएफ (सूज वाढवणारं शरीरातलं एक प्रथिन) रोखणारी औषधं घेणाऱ्यांमध्ये एक्स-रेवरचं नुकसान वाढायची शक्यता जवळपास निम्म्याने कमी होती, आणि औषध सुरू करायला दहा वर्षांपेक्षा जास्त उशीर झालेल्यांमध्ये मात्र नुकसान पुढे जायचं प्रमाण जास्त होतं.

हे जुळणं बाहेरून कसं कळतं ते एका साध्या टेपने दाखवता येतं. पेशंट सरळ उभा राहतो, कंबरेवर ज्या दोन खळ्या दिसतात त्या पातळीवर पेनाने एक खूण आणि तिथून बरोबर १० सेंटिमीटर वर दुसरी, मग गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगतात आणि परत मोजतात. निरोगी तरुण कंबरेत ते अंतर १५ च्या आसपास जातं कारण मणके एकमेकांपासून उघडतात. एएस पुढे गेलेल्या माणसाचं ११ वर थांबतं, आणि गंमत बघा, तरीही त्याची बोटं कधीकधी जमिनीपर्यंत पोचलेली असतात, कारण तो वाकलाय तो खुब्यातून, कंबर जागची हललेलीच नाही. म्हणून "मी तर पाय शिवतो, माझी कंबर चांगली आहे" यावर विसंबून राहता येत नाही. याला शोबर टेस्ट म्हणतात, दोन मिनिटं लागतात, मशीन लागत नाही, आणि तरीही कितीतरी पेशंट सांगतात की इतक्या वर्षांत आमच्या कंबरेला कोणी टेप लावलीच नाही.

बरगड्या मागे मणक्याला जिथे जोडल्या जातात ते सांधेही यात धरतात, मग छाती पूर्ण फुगत नाही, खोल श्वास घेताना किंवा शिंकताना छातीत कळ येते, आणि तरुण माणूस हृदयाची भीती घेऊन ईसीजी काढून येतो. खुब्याचा सांधा बिघडणं हे अजून वाईट, कारण मणका आखडलेला माणूस खुब्याच्या जोरावर निभावून नेत असतो, खुबाही गेला की चालणं, बसणं, उठणं सगळंच अडतं, आणि ज्यांना आजार लहान वयात सुरू होतो त्यांना हा धोका जास्त असतो, काहींना ऐन तारुण्यात खुबा बदलायची वेळ येते. मान आणि पाठ पुढे वाकलेल्या स्थितीत जुळली तर कायमचं पोक येतं, समोर बघायला डोळे वर करावे लागतात, गाडी मागे घेताना मान वळत नाही.

आणि हाड ठिसूळ होणं. एकीकडे नको तिथे नवं हाड आणि दुसरीकडे आतलं हाड विरळ, असा उलटा प्रकार या आजारात एकाच वेळी चालतो. सूज स्वतःच हाड खाते, आणि हे फार लवकर सुरू होऊ शकतं. जुळलेला मणका म्हणजे एक लांब, न वाकणारी आणि आतून कमजोर काठी, साधं घसरून पडलं तरी ती तुटू शकते, विशेषतः मानेच्या खालच्या भागात, आणि तिथे तुटली तर मज्जारज्जूला धोका. म्हणून मणका जुळलेला माणूस पडला आणि त्याला मानेत किंवा पाठीत नवीन दुखायला लागलं तर फ्रॅक्चर नाही हे सिद्ध होईपर्यंत फ्रॅक्चर आहे असंच धरायचं, साध्या एक्स-रेवर ते सुटू शकतं, सीटी किंवा एमआरआय लागतो, आणि त्याची मान नेहमी जशी वाकलेली असते तशीच आधार देऊन ठेवायची, सरळ करायला जायचं नाही. हे माहीत असायला आधी आजाराचं नाव माहीत असावं लागतं ना, ज्याला आपला मणका जुळतोय हेच माहीत नाही तो ही काळजी घेणार कुठून.

चुकीच्या नावाखाली होणारे उपाय हा अजून एक परिणाम. स्लिप डिस्क समजून "तीन आठवडे पूर्ण आराम" सांगितला जातो, जो एएसमध्ये नेमका उलटा पडतो, पडून राहिलं की हा आजार आखडवतो. काही जणांची गादीची ऑपरेशनं होतात आणि पहाटेचं दुखणं होतं तसंच राहतं. कोणी वर्षानुवर्षं स्वतःच पेनकिलर घेत राहतं, किडनी आणि पोट न तपासता. कोणी स्टिरॉइडच्या गोळ्यांवर राहतं, ज्या मणक्याच्या आजारात लांब पल्ल्यासाठी चालवायच्याच नसतात, वर हाड अजून ठिसूळ करतात.

आणि माणसाचं काय होतं ते एक्स-रेत येत नाही. रोज रात्री झोप मोडते, त्यात सुजेमुळे येणारा थकवा वेगळाच, झोपून न जाणारा. सकाळी उशीर होतो म्हणून कामावर बोलणी. नोकरी बदलणं, कमी पगाराचं पण बैठं नसलेलं काम शोधणं, लग्नाचं लांबवणं, मुलाला उचलून घेता न येणं. आणि सगळ्यात जास्त पोखरतं ते लोकांनी विश्वास न ठेवणं. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत रे तुझे, जरा सकाळी लवकर उठून व्यायाम कर" असं आई-बाबा मायेनेच म्हणतात, पण ज्याचा सकाळचा पहिला तास मोजे घालण्यात जातो त्याला ते कसं लागत असेल. काही वर्षांनी माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो की मीच आळशी आहे का, मीच बाऊ करतोय का. या आजारात नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळतात. म्हणून निदान झाल्यावर कित्येक जण आधी रडतात आणि मग म्हणतात की बरं वाटलं, आजार आहे म्हणून नव्हे तर तो खरा होता म्हणून.

उपचाराबद्दल थोडक्यात, कारण तो तुमच्या संधिवाततज्ज्ञाने, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टने ठरवायचा. सुरुवात त्याच पेनकिलरने होते, पण ठरवून, पूर्ण डोसमध्ये आणि तपासण्यांवर लक्ष ठेवून, आणि सोबत रोजचा व्यायाम, पाठ ताणणं, दीर्घ श्वास, पोहणं. व्यायाम इथे औषधाइतकाच मोजायचा, जोडीला हवा तर करायचा असा नाही. तेवढ्याने भागलं नाही तर बायोलॉजिक औषधं, म्हणजे सूज वाढवणारं एखादं ठरावीक प्रथिन रोखणारी, २००३ पासून टीएनएफ रोखणारी आली, नंतर आयएल-१७ नावाचं असंच दुसरं प्रथिन रोखणारी, आणि अलीकडे पेशींच्या आत सुजेचा निरोप अडवणाऱ्या जेएके इनहिबिटरच्या गोळ्या. सुरू करण्याआधी टीबी आत लपलेला नाही ना हे बघतात. मेथोट्रेक्सेट हे बाकी संधिवातात खूप चालणारं औषध मणक्यावर काम करत नाही, त्यामुळे तेच वर्षभर घेऊन गुण येत नसेल तर ते विचारायला हवं. सिगरेट सोडायची, कारण सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये मणक्याचं नुकसान वेगाने वाढतं.

आणि ज्यांना दहा-पंधरा वर्षांनी कळलंय त्यांनी हा लेख वाचून खचू नका. जे जुळलं ते सुटत नाही, खरं आहे. पण अशा मणक्यातही सूज चालू असू शकते, ती शांत झाली की दुखणं, थकवा, झोप यात मोठा फरक पडतो, न जुळलेले भाग वाचवता येतात, पोक येऊ न देता मणका सरळ ठेवायचा व्यायाम करता येतो, हाडांची घनता तपासून उपचार होतात. (ती तपासणी करताना खुब्यावरची घनता बघायला सांगा, मणक्यावर नवीन हाड उगवलेलं असलं की तिथला आकडा खोटाच चांगला येतो.)

ज्यांना हे वाचून आपलंच वाटतंय त्यांनी घाबरून स्वतःचं निदान करू नका, एमआरआयमध्ये थोडी सूज धावपटूंमध्ये आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांमध्येही दिसते, म्हणून शेवटचा शब्द तज्ज्ञाचाच. पण जाताना तयारीने जा. डॉक्टरकडे जेमतेम दहा मिनिटं मिळतात आणि "कंबर दुखते" एवढ्यावर ती संपतात. त्याऐवजी असं सांगा, की तीन महिन्यांपेक्षा जास्त झाले, अमुक वयात सुरू झालं, रात्री उत्तरार्धात जाग येते आणि उठून चाललं की बरं वाटतं, सकाळी इतकी मिनिटं आखडलेलं असतं, पडून राहिलं की वाढतं, अमुक गोळीने इतक्या वेळात फरक पडतो आणि थांबवली की इतक्या दिवसांत परत येतं. टाच कधी दुखली होती का, डोळा लाल होऊन डॉक्टरकडे जावं लागलं होतं का, त्वचेवर चट्टे, महिनोन्महिने जुलाब, हे कंबरेशी संबंध नाही असं वाटलं तरी सांगा. घरात आई-वडील, भाऊ-बहीण, मामा-काका कोणाला असं होतं का ते आधी विचारून घ्या, बऱ्याच घरात एखादे वाकून चालणारे काका असतात ज्यांना "पाठीचा त्रास" एवढंच सगळ्यांना माहीत असतं. आणि सरळ विचारा, "हे दाहक कंबरदुखीसारखं वाटतंय का, मला रुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवाल का, एमआरआय करायचा झाला तर एसआय जॉइंटचा करायचा का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आणि तुमचं निदान झालं तर घरातल्या तरुण मुलांना सगळ्यांनाच तपासण्या करायला पळवू नका, फक्त त्यांच्यापैकी कोणाची कंबर पहाटे धरायला लागली, टाच दुखायला लागली किंवा डोळा लाल झाला तर पहिल्याच भेटीत "आमच्या घरात एएस आहे" हे सांगायला शिकवून ठेवा.